मिस्त्रींची मिशी आणि विटकरी गाडी

तुमच्या गाडीच्या पुढच्या बंपरला, दिव्यांच्या खाली, दोन्ही बाजूंना ज्या काळ्या जाळीच्या नाकपुड्या आहेत, त्यांत तुम्ही कधी बोट घालून पाहिलंय का?

नसेल तर आधी जाऊन पाहा, मग पुढचं वाचा. बऱ्याच जणांचं बोट पाव इंचावर अडेल. मागे प्लास्टिकची भिंत असते. तिथून वारा आत जात नाही, काही गार होत नाही, काही श्वास घेत नाही. नाकपुडी आहे, नाक नाही.

मला हे बोट घालायला ज्या माणसानं शिकवलं, त्याच्याकडे स्वतःची गाडी कधीच नव्हती. एक सायकल होती. तिला घंटीसुद्धा नव्हती. "मला तोंड हाय की," असं ते म्हणायचे, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गल्ल्यांतून खरोखरच "ए, सरका" असं ओरडत जायचे. त्या तोंडावर एक मिशी होती. एरंडेल लावून पीळ दिलेली, दोन्ही टोकं वर गेलेली, समोरून बघितलं तर म्हशीच्या शिंगांसारखी. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मीही मिस्त्रीच म्हणेन.

ते पॅटर्न करायचे. फौंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी रेतीत साचा उमटवावा लागतो, आणि तो उमटवायला हव्या त्या आकाराचा लाकडी नमुना लागतो. तो नमुना म्हणजे पॅटर्न. पाण्याचा पंप असो नाहीतर ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स, आधी तो मिस्त्रींच्या हातात सागवानाचा असायचा, मग जगात लोखंडाचा व्हायचा. त्यांच्या कारखान्यावरची खोली मी तीन वर्षं भाड्यानं घेतली होती. खाली रंधा चालला की खिडकीतून भुसा येऊन माझ्या चहावर बसायचा.

मी जयसिंगपूरची. वडिलांचा छोटा छापखाना. लग्नपत्रिकांवर पोट आणि पत्रकांवर जीव. संप, दारूबंदी, पाण्याची पाळी, बुवाबाजी, जे छापायला बाकीचे कचरत ते आमच्याकडे छापलं जाई. शाळेत जायच्या आधीपासून मी पत्रकांच्या घड्या घातल्यात. त्यामुळे कोल्हापुरात एका साप्ताहिकात लिहायला आले तेव्हा जगाबद्दलची माझी सगळी मतं छापून तयार होती. चारचाकीबद्दलचंही: गाडी म्हणजे रस्त्यावर पसरलेला अहंकार. आणि घरमालक मिळाला तो असा, की ज्याच्याकडे अर्धं गाव गाडी पसंत करायला यायचं.

याचं कारण आमच्या जिल्ह्याची जुनी खोड. इथं बैल घ्यायला कुणी एकटं जात नाही. सोबत पारखी न्यायचा. तो बैलाचे दात बघणार, पाठीवरून हात फिरवणार, चार पावलं चालवून बघणार आणि मगच मान हलवणार. बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, मोटारी आल्या, पण पारखी नेण्याची खोड गेली नाही. कुणी मेकॅनिक नेतो, कुणी बँकेतला भाचा. मिस्त्रींना लोक नेत ते रूप पारखायला. इंजिनाचं विचारलं की ते सरळ सांगत, "त्यातलं मला कळत न्हाय. मला आकार कळतोय."

आकार कळायचा तो उजव्या तळव्यानं. पॅटर्नवर काचपेपर मारून झाला की ते डोळे मिटून त्यावरून हात फिरवत आणि केसाएवढा उंचवटा सांगत. त्या तळव्याची त्यांनी जी बडदास्त ठेवली होती, ती घरात कुणाची ठेवली नव्हती. उजव्या हातानं चहाचा ग्लास धरायचा नाही. उजवा हात कुणाच्या हातात द्यायचा नाही. आमदार आला तरी डावा पुढे. "डोळा लई लबाड असतोय," ते म्हणत, "उजेड पडंल तसा बोलतोय. तळवा अडाणी हाय. त्याला खोटं बोलायला येत न्हाय."

कुठलीही गाडी बघताना ते आधी खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या तोंडावरच्या कंपनीच्या चिन्हावर टाकत. बैलबाजारात टॉवेलाखाली बोटं धरून भाव ठरतो, हे मी ऐकून होते. मिस्त्री टॉवेलाखाली नाव दाबत. "नाव झाकलं की रूप बोलाया लागतंय," असं त्यांचं म्हणणं. म्हणून या लेखात तुम्हाला कुठल्याही कंपनीचं नाव सापडणार नाही. मिस्त्रींनी टाकलेला टॉवेल मी उचलणार नाही.

खिशात सहा इंची पट्टी आणि पांढरा खडू. जी वस्तू काम करत असल्याचा आव आणते आणि करत नाही, तिच्यावर खडूची फुली. एकदा एका शोरूममध्ये, आरशासारख्या फरशीवर, फिरत्या चकतीवर ठेवलेल्या कोऱ्या गाडीवर त्यांनी नऊ फुल्या मारल्या. दारावरचा सिक्युरिटीवाला धावत आला.

"ओ मिशीवालं पावणं, काय कराय लागलाय?"

"तपासतोय."

"परीक्षेचा पेपर हाय व्हय ह्यो?"

"पेपरच हाय. नापास झालाय."

त्या दिवसापासून त्या शोरूममध्ये त्यांना बंदी झाली. मिस्त्रींना त्याचं काही वाटलं नाही. "बरं झालं. एसीत माझा तळवा बधिर हुतोय."

त्यांच्या धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माणूस नुसता खडूस वाटेल. लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा किंचित मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, आपल्या पट्टीपेक्षा जराशी मोठी. मिस्त्री माणसांनाही त्याच पट्टीनं मोजत. "कौतुक करायचं तर जरा जास्तीचं करावं. थंड झालं की मापात येतंय." शेजारच्या पोरीला दहावीत साठ टक्के पडले तर हे गल्लीभर सांगत सुटायचे की पोरगी कलेक्टर होणार. शिव्यांनाही हाच नियम होता.

मलाही त्या खडूचा प्रसाद मिळाला. शहरातले फूटपाथ मोठ्या गाड्यांनी गिळल्याबद्दल मी एक पत्रक लिहिलं, वडिलांनी ते छापलं, आणि पहिली प्रत मी मोठ्या तोऱ्यात मिस्त्रींना दिली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली. कागदावर खडू उमटत नाही म्हणून कानावरची पेन्सिल काढली आणि अकरा फुल्या मारल्या. प्रत्येक फुली एकेका उद्गारचिन्हावर.

"ही काय काम करत्यात?"

"जोर देतात."

"का, वाक्यात जोर न्हाय व्हय?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी खोलीत बसून अकराही चिन्हं काढली आणि पत्रक परत वाचलं. चार वाक्यं उभी राहिली. सात कोसळली. त्या सातांमध्ये पहिल्यापासूनच काही नव्हतं. तेव्हापासून ते चिन्ह मी वापरत नाही.

आता अक्कांबद्दल.

अक्का आजऱ्याच्या. वयाच्या बाराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या कारखान्यात काजू फोडून फोडून बोटं काळी पडलेली. काजूच्या टरफलातल्या तेलाचा तो डाग कातडीतून जात नाही. पुढे स्वतःचा लहानसा कारखाना काढला. चौदा बायका कामाला. माल उत्तम, पण व्यापाऱ्याच्या गोदामावर भाड्याच्या टेम्पोत पुढे बसून गेल्या की गेटवरचा मुकादम खुर्चीतून न उठता हात करायचा: मागं जावा, मागं. पुरुषांच्या गाड्या आत, अक्का उन्हात. दुपारपर्यंत उन्हात उभं राहिलं की दुपारचा पडलेला भाव मिळायचा.

"मिस्त्री, मला गाडी हिंडायला नगं," अक्का म्हणाल्या. त्या दिवशी मी खालीच होते. "मला त्या गेटातनं आत जायचंय. गाडी बघून त्यो मुकादम खुर्चीतनं उठला पायजे. आनि मागं काजूचे डबे बसाय पायजेत. वर टपावर दोन पोती."

दोन गाड्यांवर त्यांचं मन अडकलं होतं. दोन्ही एकाच जातीच्या: जीपसारख्या उंच, आतून मोटारीसारख्या, मागे सामानाला ऐसपैस जागा. कंपन्या त्यांना क्रॉसओव्हर म्हणतात. मिस्त्री खेचर म्हणत, आणि त्यात अपमान नव्हता. "घाटात घोडं दमतंय, गाढव बसतंय, खेचर चालतंय."

मिस्त्रींनी अक्कांना दोन्हीकडे फोन करायला लावला: चाचणीची गाडी सकाळी दहाला उद्यमनगरात पाठवा. दोघांनाही तीच वेळ, तीच जागा. "एकटी म्हस बघू नये. एकटी सगळ्यांस्नीच दुधाळ वाटती." जागा म्हणजे फौंड्रीच्या मागचं मैदान, जिथं जळकी काळी रेती टाकतात. दहाला एक पांढरी आली, एक विटकरी आली. दोन्हीतून एकेक विक्रेता उतरला आणि एकमेकांना बघून दोघांची तोंडं अशी झाली, की मुलगी बघायला जावं आणि दिवाणखान्यात दुसरा नवरामुलगा आधीच पोहे खात बसलेला असावा.

मिस्त्रींनी टॉवेलाचे दोन तुकडे केले आणि दोन्ही चिन्हं झाकली.

पांढरी ताठ उभी होती. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एकच सरळ रेघ. काचा मोठ्या. चाकांभोवती काळं जाड प्लास्टिक, जे खडी उडाली की मार खायला असतं आणि खरोखर खातं. मागचा दरवाजा गुडघ्याच्या उंचीपासून उघडत होता. डबा उचलायचा नाही, नुसता सरकवायचा. तोंड मात्र अगदीच सरकारी.

विटकरी उभी नव्हती. ती दबा धरून बसली होती. छत मागे उतरत गेलेलं, मागच्या चाकांवर खांदे फुगलेले, दिवे मांजरीच्या मिटलेल्या डोळ्यांसारखे बारीक. काळ्या रेतीवर तिच्याकडे बघितलं की वाटे, आत्ता झेप घेईल. खरं सांगते, गाडीला अहंकार म्हणणाऱ्या माझीही नजर तिच्यावरून हलेना.

मिस्त्रींनी डोळे मिटले आणि पांढरीवरून तळवा फिरवला. कुठेही न अडखळता. मग विटकरी. तिथं हात सारखा थांबत होता. बारीक डोळे म्हणजे रात्रीचे दिवे नव्हेतच, नुसत्या दिवसा पेटणाऱ्या पट्ट्या, खरे दिवे खाली बंपरमध्ये. फुली नाही, पण एक हुंकार. नाकपुडीत बोट घातलं, अडलं, फुली. पलीकडची नाकपुडी, फुली. खाली, दगडांचा मार झेलायला असतो तसा, चंदेरी पत्रा, टकटक केलं, प्लास्टिक, फुली. मागच्या दाराची कडी त्यांना सापडेचना. डोळे मिटून चाचपताहेत, चाचपताहेत.

"सर, हँडल वर काचेजवळ लपवलंय. स्टायलिंग आहे," विटकरीचा विक्रेता म्हणाला.

"दार दडवून ठेवतोय व्हय पावण्या? पाहुणं आलं तर घरात घ्यायचं न्हाय काय?"

पांढरीचा विक्रेता हसला. मिस्त्री त्याच्याकडे वळले. "तू हसू नगंस. तुझ्या बी बुडाखालचा चंदेरी पत्रा मी बघितलाय." आणि पांढरीला तिची एकुलती एक फुली मिळाली.

शेवटी विटकरीच्या छतावरच्या दोन दांड्या. मिस्त्रींनी त्यांच्या मुळाशी अंगठा दाबला. "अक्का ह्येच्यावर पोती बांधणार हाय. किती वजन घेत्यात?"

"एकदम स्ट्राँग आहेत सर."

"किती?"

"मॅन्युअलमध्ये असेल."

"काढा की मग."

त्यानं पुस्तक काढलं, पानं उलटली, एका जागी थांबला आणि ओठ हलवत वाचू लागला.

"मनात वाचू नगासा," अक्का म्हणाल्या. "मोठ्यानं वाचा."

पुस्तकात इंग्रजीत लिहिलं होतं की या दांड्या फक्त सजावटीसाठी आहेत, त्यांच्यावर सामान बांधू नये. त्यानं मराठीत सांगितलं. आणखी दोन फुल्या. पांढरीला दांड्याच नव्हत्या. "न्हाईत तर न्हाईत," मिस्त्री म्हणाले, "उगंच हायत म्हणून सांगत तर न्हाय." आणि निकाल दिला: "पांढरी घ्या अक्का. सरळ बाईमाणूस हाय. दुसरी नाटकी हाय."

अक्का विटकरीसमोरून हलल्या नाहीत.

"पांढरी खरी हाय, मान्य. पर ती तलाठ्यासारखी दिसती वो. तिला बघून मुकादम उठणार न्हाय. उलट सातबारा मागंल."

"जे काम करत न्हाय ते रूप न्हवं, अक्का. ते सोंग."

अक्कांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "मग मिस्त्री, तुमची ही मिशी काय काम करती वो?"

दोन्ही विक्रेते आपापल्या बुटांकडे बघू लागले. मी हसले, आणि लगेच हसल्याचं वाईट वाटलं, कारण मिस्त्रींचा उजवा हात आपोआप मिशीकडे गेला होता आणि तिथंच थांबला होता.  

"रविवारी मी सही करणार हाय," अक्का जाताना म्हणाल्या. "तवर इचार करून सांगा. तुमच्या शब्दाबाहेर मी जात न्हाय. पर मन मारून बी मी गाडीत बसणार न्हाय. मन मारायचंच असतं तर टेम्पो काय वाईट हुता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर रंध्यापाशी एक अनोळखी माणूस. वरचा ओठ पांढराफटक. मला ओळखायला क्षण लागला.

"मिस्त्री, मिशी?"

"फुली मारली," ते म्हणाले आणि रंधा ओढू लागले.

त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. नियम सगळ्यांना एकच, मग स्वतःला सवलत कशाला? मला तर अभिमान वाटला. लहानपणापासून मी ज्या माणसांच्या पत्रकांच्या घड्या घातल्या, त्यांच्यातल्या किती जणांनी स्वतःवर अशी फुली मारली होती?

पण आम्ही दोघंही एक गोष्ट विसरलो होतो. आमच्या भागात पिकल्या वयाचा माणूस अशी पिळदार मिशी सहज काढत नाही. ती उतरते ती घरातलं थोरलं माणूस गेल्यावर.

नऊ वाजता शेजारचा फौंड्रीवाला आला. त्यानं मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "दुपारपतुर मशिनी बंद ठेवतो," एवढं म्हणून गेला. मिस्त्रींना वाटलं, लाइट जाणार असेल. दहा वाजता चहावाल्यानं पैसे घेतले नाहीत. अकराला पलीकडच्या गल्लीतून पिठलं-भाकरी आली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी पाठवायचा घास. दोन बायका दारात पदर तोंडाला लावून उभ्या. मिस्त्री मला विचारताहेत, "ह्यास्नी काय झालंय?"

मिस्त्रींच्या घरात थोरलं माणूस आता एकच होतं: कुरुंदवाडचा मोठा भाऊ. सगळ्यांनी हिशेब जुळवला, तो गेला. कुणीतरी रक्षाविसर्जनाची वेळ विचारायला कुरुंदवाडला फोन लावला. फोन ज्यानं उचलला तोच तो थोरला भाऊ.

चार वाजता एसटीतून उतरून, छत्री काठीसारखी आपटत, तो दारात उभा राहिला.

"माझं सुतक पाळाय लागलायस व्हय रं?"

"न्हाय वो दादा. मिशी काय काम करत न्हवती म्हणून काढली."

"काम करत न्हवती? मग काय मोट वढायला जुपणार हुतास तिला?" दादा खुर्चीवर बसले. धाप लागली होती, पण आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. "अरं, तुझ्या मिशीवर माझा जीव टांगलेला हुता की. ती हुती तवर उद्यमनगराला कळत हुतं, ह्येचा थोरला जित्ता हाय. तू मला मारून बसलास, येड्या."

मिस्त्री एकदम थांबले. हातातली कानस खाली ठेवली. 

"म्हंजे ती काम करत हुती," ते हळूच म्हणाले.

"भाकरी हाय म्हणं माझ्या नावाची," दादा म्हणाले. "वाढ. पिठलं गार व्हायच्या आत."

आपल्याच मरणाच्या दोन भाकऱ्या दादांनी खाल्ल्या आणि मिरचीचा ठेचा का नाही म्हणून विचारलं.

दादांना परतीच्या एसटीत बसवून मिस्त्री थेट माझ्या खोलीवर आले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. उंबऱ्यावरच उभे राहून म्हणाले, "लिवून घे. उद्या मी इसरंन. शोभा बी काम करती. सांगायचं काम करती. ती काय सांगती आनि ते खरं हाय का, एवढंच बघायचं. माझी मिशी सांगत हुती, थोरला जित्ता हाय. खरं हुतं. त्या गाडीची नाकपुडी सांगती, मी श्वास घेती. खोटं. दांडी सांगती, पोती बांधा. खोटं, आनि अक्काचा माल घाटात पडला असता. पर तिचे ते खांदे, ते दबा धरून बसणं..."

"ते काय सांगतं?"

"ते सांगतंय, हटा, अक्का आली. आनि अक्का खरंच आलीया."

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. मी म्हटलं, मिस्त्री, हे चूक आहे. मुकादमानं माणसाकडे बघून उठायला हवं. वीस वर्षं ती बाई त्या गेटवर उभी आहे, आणि उठायला त्याला फुगलेले खांदे लागतात? ही गाडी घेणं म्हणजे त्याच्या लबाडीला मान देणं आहे.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर हाय तुझं. त्यो खोटेपणा मुकादमाचा. त्याच्यावर तू पत्रक काढ, मी वाटतो. पर ते पत्रक वाचून त्यो सुधारंपतुर अक्कानं उन्हात उभं ऱ्हायाचं व्हय? तिला रविवारी गाडी पायजे."

  पत्रक मी काढलं आणि मिस्त्रींनी ते आजऱ्याच्या आठवडी बाजारात वाटलं, डाव्या हातानं.

रविवारी आम्ही तिघं विटकरीच्या शोरूमला गेलो, आणि फरशीवरची फिरती चकती दिसल्यावर माझ्या लक्षात आलं की मिस्त्रींना बंदी असलेलं शोरूम हेच. दारावर तोच सिक्युरिटीवाला. त्यानं मिस्त्रींकडे बघितलं, मिशी दिसली नाही, आणि सलाम ठोकून दार उघडलं.

आत मिस्त्रींनी निकाल बदलला आणि अट घातली. गाडी घ्यायची, पोती टपाऐवजी मागच्या सीटवर टाकायची, पण ऑर्डरच्या कागदावर लिहून द्यायचं की छतावरच्या दांड्या आणि बंपरमधल्या जाळ्या शोभेच्या आहेत.

"सर, असं कुणी लिहून देत नाही."

"कुणी मागितलं न्हाय म्हणून."

"पण सर, पुस्तकात आहेच ना ते."

"पुस्तकात हाय, मग तुझ्या तोंडात का न्हवतं?"

शेजारच्या टेबलावर एक कुटुंब त्याच गाडीचे रंग बघत होतं. त्यांच्या माना वळल्या. विक्रेत्यानं आवाज खाली आणला. "मॅडम, प्लीज, सरांना जरा समजावा."

अक्कांनी पेनचं टोपण काढलं होतं. ते त्यांनी परत लावलं. "मला समजलंय," त्या म्हणाल्या. "आता तुमी समजून घ्या."

मिस्त्रींनी खिशातून खडू काढून शांतपणे टेबलावर ठेवला. विक्रेत्यानं खडूकडे बघितलं, चकतीवर फिरणाऱ्या कोऱ्या गाडीकडे बघितलं, आणि कागदाच्या पाठीवर हातानं एक वाक्य लिहून खाली सही केली. अक्कांनी ते एकेक अक्षर लावत वाचलं, मग आपल्या काळ्या बोटांनी पुढच्या बाजूला स्वतःची सही केली. शेजारच्या कुटुंबातली बाई उठून आली आणि म्हणाली, "आम्हाला पण असंच लिहून पायजे."

पुढच्या आठवड्यात अक्कांचा फोन आला. मी पहिला प्रश्न तोच विचारला. मुकादम उठला का?

"उठला की. लांबनंच उठला, सलाम बी केला. मग मी काच खाली केली. मला बघितलं आनि परत खुर्चीत बसाय लागला. मी म्हटलं, बसू नगंस. उठलायस तर डबे उतरव."

मिस्त्रींची मिशी तीन-चार महिन्यांत परत शिंगांवर आली. दादा दर सणाला येऊन तिची तपासणी करून जातात. मी खोली सोडली त्या दिवशी मिस्त्रींनी, कुणाला देत नाहीत तो, उजवा हात माझ्या हातात दिला. डोळे मिटले. "बरी हायस," म्हणाले. "एक-दोन जागी अजून उंचवटा हाय. ऱ्हाऊ दे तो." आणि अर्धा खडू दिला.

आता मिस्त्रींना कुणी फारसं बोलवत नाही. गाडी फोनच्या काचेवर बघायची, तिथंच रंग फिरवायचा, तिथंच ठरवायची. काचेत बोट घालता येत नाही, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून मिस्त्रींचं काम आता तुमच्यावर आलं आहे.

पुढच्या वेळी गाडी घ्यायला जाल, तेव्हा खांद्यावर टॉवेल आणि खिशात खडू घेऊन जा. नाव झाका. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी लावायला सांगा. जिथं वारा जातो म्हणतात तिथं बोट घाला, जिथं वजन पेलतं म्हणतात तिथं किती ते विचारा. बोट अडलं की फुली मारा आणि "हे शोभेचं आहे" एवढं एक वाक्य समोरच्याच्या हातानं लिहून घ्या. मग तीच गाडी आवडली तर खुशाल घ्या, मिरवत घ्या, कुणाच्या बापाची भीती नाही. पण त्यानं लिहून देईपर्यंत पेनचं टोपण काढू नका.